खुलासा: दम्याच्या झटक्यात सेट्रिझिन कामाचं नाही

‘दम लागला की सेट्रिझिनची एक गोळी घ्या, श्वासनलिका मोकळी होते’ हा मेसेज सध्या फिरतोय. सेट्रिझिन हे ॲलर्जीचं औषध आहे; हा मेसेज चुकीचा आहे, आणि झटक्याच्या वेळी जिवावर बेतू शकतो.

ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे श्वासनलिका आवळते हे खरं. पण दम्यात ते एकटं नसतं. ल्युकोट्राइन्स ही रसायनं त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात नलिका आवळतात, शिवाय आतून सूज येते, चिकट कफ साठतो. सेट्रिझिन यातलं फक्त हिस्टामिन अडवतं. शिंका, वाहतं नाक, खाज यांवर ते उत्तम. छातीतल्या घरघरीवर नाही.

गोंधळ बहुधा मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन (सेट्रिझिनचंच एक रूप) एकत्र असलेल्या गोळीमुळे होतो. त्यातलं मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राइन्सना अडवतं, पण तेही रोज घ्यायचं औषध, झटक्यातलं नव्हे.

झटक्यात डॉक्टरांनी दिलेला आरामाचा पंपच घ्या. त्यातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत नलिका सैल करतं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप घेत घेतच दवाखाना गाठा, 108 ला फोन करा.

‘दमेकऱ्यांनी सेट्रिझिनला हातच लावू नये’ हेही खरं नाही. ॲलर्जीच्या सर्दीसाठी डॉक्टर ते दमेकऱ्यांनाही देतात. मात्र त्यासाठी रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद करू नका.