यंदा मुंबईहून कुणाला आणू नका

दिवाळी आटोपली की शहाद्यातल्या आमच्या क्लबच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "यंदा कोन ई ऱ्हायना भो?" पौषातल्या आपल्या मैदानावरच्या गाण्याच्या कार्यक्रमाला या वर्षी कोण येणार? टीव्हीवरचा कोण, सिनेमातला कोण, कोणाची तारीख मिळतेय. मी त्या मंचावर बरीच वर्षं पेटी वाजवत आलेय, क्लबची सभासद आहे, आणि हा कार्यक्रम माझ्या फार जवळचा आहे. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. यंदा बाहेरून कुणालाच आणू नका.

हा कार्यक्रम आपण कशासाठी करतो हे नव्या सभासदांना पुरतं माहीत नसतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि आपल्या तालुक्याच्या डोंगरपट्टीतल्या सिकलसेलच्या मुलांसाठी हा पैसा जमतो. हा आजार जन्मापासूनचा, आईवडिलांकडून येणारा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हातापायात, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. दोघंही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. वाहक माणसाला स्वतःला बहुधा काही त्रास होत नाही, म्हणून तपासणी केल्याशिवाय कळतही नाही. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये तो घरोघरी ओळखीचा आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलंय.

मग कुणी विचारतं, सरकार गोळ्या फुकट देतं, एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट नाही, २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत आला. आता क्लबचा पैसा कशाला लागतो?

कशाला लागतो ते सांगते. एसटीची सवलत चालते ती एसटी येते तिथपासून. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत यायला जीप लागते, आणि रात्री कळा सुरू झाल्या तर जीपवाला मागेल ते भाडं द्यावं लागतं. पोराला दवाखान्यात ठेवलं की बापाचा रोज बुडतो. सोबत आलेल्या आजीला जेवायला लागतं. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. पोरं सोबत जातात. या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात, मधूनमधून रक्त तपासून डोस ठरवायचा असतो. तिकडे बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडात हे कोण बघणार? गोळ्या संपतात, महिनाभर खंड पडतो, आणि पोर घरी येतं ते पार खंगून. क्लबने एक माणूस पगारावर ठेवला, त्याच्याकडे या कुटुंबांची यादी आणि फोन दिला, आणि फडावर गोळ्या पोचवायची सोय केली तर किती पोरांचा हिवाळा सुखाचा जाईल! शाल-श्रीफळाइतकं हे फोटोत दिसत नाही, पण कामाचं तेच आहे.

मागच्या वर्षीचा जमाखर्च आपण सर्वांनी ऐकला. जमलेल्या पैशातला निम्म्याहून मोठा भाग त्या एका रात्रीतच संपला होता. गायकाचं मानधन, त्यांच्या वादकांचं वेगळं, गाड्या, हॉटेल, मागे तो भला मोठा एलईडी पडदा, तेवढ्यासाठी वाढवलेला जनरेटर. गायक गुणी होते, गायलेही छान. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांनी पूर्ण पैसे घ्यावेत. पण पोरांच्या गोळ्यांसाठी म्हणून शहाद्याच्या दुकानदाराकडून घेतलेली रक्कम पडद्याच्या भाड्यात गेली हे मला सहन होत नाही.

यावर कार्यकारिणीचं म्हणणं मला पाठ आहे. मोठं नाव नसेल तर जाहिरातदार पैसे देत नाहीत आणि लोक येत नाहीत.

पहिला भाग मला मुळीच पटत नाही. मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन फिरलेय. जिनिंगवाले, पपईचे व्यापारी, औषधांचे दुकानदार, खतांचे दुकानदार पैसे देतात ते दारात आलेल्या माणसाकडे बघून. "ताई, तुम्ही आलात ना, मग घ्या," असं म्हणतात. गायक कोण हे बहुतेक जण पावती फाडून झाल्यावर विचारतात.

दुसऱ्या भागात थोडं तथ्य आहे. नाव ऐकून गर्दी होते, खरंय. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले तेव्हा लोक नावं ऐकूनच धावले होते. पण ते दोघं फंडासाठी उभे राहिले होते. नाव मोठं आणि मन फंडात, असा कलाकार मिळत असेल तर मी स्वतः स्टेशनवर हार घेऊन जाईन. आपण जे करतो ते वेगळं आहे. आपण नाव विकत घेतो, आणि ते घ्यायला पोरांचे पैसे वापरतो.

आणि आपल्याकडे गाणारे-वाजवणारे नाहीत का? पौषात लग्नाच्या तिथी जवळपास नसतात. खान्देशातले बँडवाले त्या दिवसांत रिकामे असतात. तुळशीच्या लग्नापासून वरातींमध्ये श्वास तुटेपर्यंत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारी ही माणसं. त्यातले काही जण काय तयारीचे आहेत हे मी त्यांच्याबरोबर बसून अनुभवलंय. वरातीत त्यांच्याकडून तीच तीच नाचाची गाणी मागतात, म्हणून त्यांचं खरं वाजवणं कुणी ऐकलेलंच नाही. डोंगरातले पावरी वाजवणारे आहेत. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग यांतून निघणारा तो सूर आज आपण लग्नात कॅसिओवर ऐकतो, त्यावर नाचतो, आणि खरी पावरी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र कार्यक्रमाला बोलवत नाही. अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात ते ऐकायला लोक लांबून येतात. आपल्या बायकांना कानबाई देवीची गाणी येतात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हणायची येतात. 'वही' हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार गाणारी मंडळं आहेत. माझ्या क्लासमधल्या मुलीसुद्धा आहेत, त्यांना एक धड माईक आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्या काय गातील हे मला माहीत आहे.

फक्त एक अट. या सगळ्यांना मानधन द्यायचं. आगाऊ, पाकिटात, मानाने. आजवर आपण गावातल्या कलाकाराला काय सांगत आलो? "आपलाच कार्यक्रम आहे, चांगल्या कामासाठी आहे, समजून घ्या." आणि त्याच रात्री बाहेरच्याला पूर्ण रक्कम. ढोलकीवाल्याच्या घरीही पोरं आहेत. त्याला त्यातून काही द्यावंसं वाटलं तर तो देईल. ते त्याच्या मर्जीने व्हावं, आपण गृहीत धरू नये. सगळ्या स्थानिक कलाकारांना योग्य मानधन दिलं तरी एका मोठ्या नावाच्या खर्चापेक्षा ते फार कमी होतं. हिशोब मी मांडून पाहिलाय.

कागदपत्रांचंही बोलायला हवं, कारण चांगल्या हेतूचा पैसा कागदावर अडतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. गेटचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच गेले. पण कार्यक्रमाची आधी धर्मादाय म्हणून रीतसर व्यवस्था केली नव्हती, म्हणून ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा पैसा कितीतरी वर्षं करांच्या भानगडीत अडकून पडला. जगातल्या एवढ्या मोठ्या माणसांचं हे झालं. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळांना हे चांगलं ठाऊक आहे. आपला क्लब नोंदलेला आहे, पण या कार्यक्रमाचं खातं वेगळं काढा. आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात मध्यंतराआधी, लोक बसलेले असताना, मागचा जमाखर्च माईकवरून वाचून दाखवा. किती आले, मंचावर किती गेले, जीपभाड्यात किती, गोळ्यांमागे किती. पाच मिनिटं लागतात. सत्काराला आपण तासभर देतोच की.

सत्कारांवरून एक गोष्ट कळकळीने सांगते. मदत मिळालेल्या मुलांना मंचावर बोलावून, मोठ्या पुठ्ठ्याचा चेक त्यांच्या हातात देऊन फोटो काढणं बंद करा. सिकलसेलच्या मुलाला थंडी सोसत नाही, गारठ्याने कळा उठू शकतात, हे डॉक्टर प्रत्येक शिबिरात सांगतात. आणि आपण त्याच मुलांना जानेवारीच्या रात्री, शहाद्याच्या बोचऱ्या थंडीत, मैदानावर तिष्ठत ठेवतो. शिवाय उद्या त्या मुलीचं लग्न ठरवायचं असेल तेव्हा हा फोटो गावभर फिरलेला असतो. नावं कार्यकारिणीला ठाऊक असली म्हणजे पुरे.

वेळेचंही बघा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करायचा कायदा आहे, तो २००० च्या ध्वनी नियमांपासून. आपण सातचं सांगून पावणेनऊला सुरू करतो आणि मग पोलीस आले की रंगात आलेलं गाणं तोडावं लागतं. संध्याकाळी सहाला सुरू करा, साडेनऊला संपवा. उशीर झाला की दव पडायला लागतं, तबल्याची पुडी सैल होते, सूर उतरतो, आणि तबलजी निम्मा वेळ हातोडी घेऊन बसतो. पेटीचा सूर तर जिथल्या तिथेच राहतो. वाजवणाऱ्याला याचा किती त्रास होतो ते ऐकणाऱ्याला कळतं, फक्त काय बिघडलं ते सांगता येत नाही. लवकर संपलं तर प्रकाशा, सारंगखेड्याकडून आलेली माणसंही वेळेत घरी जातील.

आणि मैदान मोकळं ठेवा. पुढच्या सोफ्यांच्या रांगा काढा. ज्याला द्यायचंय तो देईल, ज्याच्याकडे नाही तोही ऐकेल. मागच्या वेळी डोंगरातून आलेली माणसं कनातीबाहेर उभी होती आणि पुढचे सोफे रिकामे होते. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांनाच आत जागा नाही, असं पुन्हा होता कामा नये.

येत्या रविवारी क्लबच्या हॉलमध्ये बैठक आहे, सकाळी अकराला. त्यात कलाकार ठरणार आहेत. मी हे सगळं तिथे मांडणार आहे, आणि स्थानिक कलाकारांची यादी, मानधनाच्या अंदाजासह, लिहून आणणार आहे. सभासद असाल आणि हे पटत असेल तर या. तुमच्या ओळखीत कुणी खरी पावरी वाजवणारा असेल तर त्याचा नंबर मला मेसेज करा, इथे कमेंटमध्ये टाकू नका.