क्षमतेचा आकडा म्हणजे भरायचं वजन नव्हे

१५० किलो क्षमतेच्या कयाकमध्ये (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीत) माणूस आणि सामान मिळून १५० किलो बिनधास्त चालतं, असं एका लेखात म्हटलंय. हे चूक आहे, आणि धोक्याचंही. मुक्कामाला जाताना दोन तृतीयांशावर, म्हणजे १०० किलोवर थांबावं. माणूस ७५, पिण्याचं पाणी १०, तंबू-स्टोव्ह-गळ १५ किलो, की संपलं! त्यापुढे गेलात तर सिट-ऑन-टॉपच्या, म्हणजे वरच्या उघड्या भागावर बसायच्या कयाकच्या, निचऱ्याच्या भोकांतून पाणी उलटं वर येऊ शकतं.

शिवाय वजन कुठे ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. पाण्याचा कॅन मागच्या क्रेटमध्ये नको, सीटला लागून तळाशी बांधा. मागचा भाग दबला की कयाकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं आणि मुळशी-पानशेतच्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की तेच नाक वाऱ्यासोबत फिरतं, कितीही वल्हवा.