‘घास अडकतो त्या घरात मुलगी देऊ नका’ : त्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : अन्ननलिकेत घास अडकण्याचा आजार, म्हणजे अ‍ॅकलेशिया, रक्तातून येतो. घरात एकाला झाला की पुढच्या पिढीला होणारच. जीनची तपासणी केली की आधीच कळतं. आनुवंशिक असल्याने त्याला इलाज नाही. म्हणून अशा घरात मुलगी देऊ नका. माझ्या धाकट्या भावाला अ‍ॅकलेशिया आहे आणि आम्ही सध्या त्याच्यासाठी स्थळं बघतोय, म्हणून हे लिहितेय.

‘रक्तातून येतो.’ बहुतेकांच्या बाबतीत नाही. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची एक झडप असते. घास आला की ती सैल पडावी लागते. तिला सैल करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात आणि दार बंदच राहतं. वर्षाला लाखात साधारण एकाला हे होतं, आणि बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण सापडत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटत असावी, असा संशय आहे. २०१४ साली युरोपातल्या रुग्णांच्या अभ्यासात प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जीनमधला एक बदल सापडला. त्याने धोका वाढतो, इतकंच. तो बदल असूनही आयुष्यभर बिनधास्त जेवणारी माणसं आहेतच. दक्षिण अमेरिकेत तर रक्त पिणाऱ्या किड्यांमार्फत पसरणाऱ्या चागास रोगामुळेही अन्ननलिकेची हीच गत होते.

‘पुढच्या पिढीला होणारच.’ एका दुर्मीळ आजारात घराण्याचा संबंध खरोखर असतो आणि तो मेसेजमध्ये नेमका नाही. त्याला ट्रिपल ए किंवा ऑलग्रोव्ह सिंड्रोम म्हणतात. १९७८ साली त्याचं वर्णन झालं, २००० साली त्याची जीन सापडली. बाळ रडतं पण डोळ्यांत पाणी येत नाही, घास अडकतो, आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडतात. त्यामुळे साखर एकदम उतरून झटके येऊ शकतात, या ग्रंथींच्या कमी पडलेल्या संप्रेरकाची जागा घेणारं औषध, हायड्रोकॉर्टिसोन, वेळेत मिळालं नाही तर जिवावर बेततं. पण यातही ‘होणारच’ नाही. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी असून दोघांकडेही त्या जीनची एक बिघडलेली प्रत असेल, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, आणि नात्यातल्या लग्नात दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते. लग्नाच्या संदर्भात बोलायचंच होतं तर हे बोलायला हवं होतं. अश्रू न येणारं मूल घरात असेल तर कृपा करून बालरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा.

‘जीन तपासली की कळतं.’ ट्रिपल एमध्ये कळतं. नेहमीच्या अ‍ॅकलेशियाचं भाकीत करणारी चाचणी नाही. निदान बेरियमचा एक्स-रे, एंडोस्कोपी आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी) यांनी होतं. भावाची मॅनोमेट्री होईपर्यंत तीन वर्षं तो अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात होता.

घरात एकापेक्षा जास्त जणांना आजार दिसला तरी सगळा दोष जीनचाच नसतो. घास अडकवणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचं, इओसिनोफिलिक इसोफेजायटिसचं, उदाहरण याबाबत बोलकं आहे. हा अ‍ॅलर्जीसारखा आजार. जुळ्यांच्या एका अभ्यासात एकाला तो असेल तर एकसारख्या जुळ्यांत दुसऱ्याला ५८ टक्के वेळा आढळला, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ३६ टक्के, आणि पुढेमागे जन्मलेल्या सख्ख्या भावंडांत जेमतेम अडीच टक्के. वेगळी जुळी आणि साधी भावंडं यांच्यात जीनचा वाटा सारखाच असतो. मग एवढी तफावत कशाची? एकाच वेळी वाट्याला आलेल्या गर्भाची, बाळपणाची, परिसराची.

‘इलाज नाही.’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे खरं. पण दार उघडता येतं. फुग्याने झडप ताणतात. स्नायू कापण्याची हेलर यांची शस्त्रक्रिया १९१३ पासून आहे. पोटावर छेद न घेता तोंडातून दुर्बीण घालून तेच काम करणारी ‘पोएम’ पद्धत जपानमध्ये २००८ साली इनोउए यांनी माणसावर प्रथम केली, आज ती भारतातही होते. भावाची तीच झाली. आता तो पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी खातो.

स्थळाकडच्यांनी आजाराबद्दल जरूर विचारावं. फाइल आम्ही स्वतःच दाखवतो.