आमच्याकडे शिळं चालत नाही म्हणे

संध्याकाळी हळदीकुंकवाला गेले होते. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. लांबण लागेल, आधीच सांगते.

तिळगूळ झाला, अत्तर झालं, मग बायकांच्या गप्पा नेहमीप्रमाणे स्वयंपाकावर आल्या. एक बाई (नाव घेत नाही, शहर लहान आहे) ऐटीत म्हणाल्या, "आमच्याकडे बाई शिळं कुणी तोंडात घालत नाही. यांना तर फुलका तव्यावरून थेट ताटातच लागतो. उरलं की कामवालीला देऊन टाकते. तिच्या पोरांना चालतं."

तिच्या पोरांना चालतं!

माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता म्हणून गप्प बसले. गोड बोला म्हणून नुकतंच सांगून झालं होतं ना. आणि वाण काय लुटलं माहितीय? हवाबंद डबा. अहो, शिळं चालत नाही तर त्या डब्यात ठेवायचं काय, घरधन्याचा अभिमान?

आमच्या माहेरी, अमळनेरला, उरल्यासुरल्याच्या जेवणाला नाव होतं. "झाकणं उघडा." अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेरून आले की ओट्याकडे नजर टाकत विचारायचे, "आज काय, झाकणं उघडा का?" आई हो म्हणाली की आम्ही पोरं नाचायचो. फ्रीज नव्हता. जाळीच्या कपाटातलं सगळं मधल्या घरात जमिनीवर रांगेनं मांडायचं. पितळी पातेल्यावर स्टीलची ताटली, डब्यावर उपडी वाटी, भाकरीच्या टोपलीवर ओलं फडकं. ज्यानं त्यानं आपलं ताट घ्यायचं, झाकणं उचलून बघायचं, हवं ते वाढून घ्यायचं. कुणी कुणाला वाढायचं नाही हा नियम. आग्रह नाही, "अजून एक घे" नाही, आणि "हे नको" म्हटल्यावर कुणाचं तोंड वाकडं नाही.

त्या रांगेत काय काय असायचं! सकाळची कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद दळलेले असतात, त्यामुळे ती गार झाली की तिला वेगळाच खमंगपणा येतो. आदल्या रात्रीची शेवभाजी, तिच्यातली शेव रश्शात मुरून पार लगदा झालेली. हॉटेलवाला असली भाजी तुमच्यासमोर ठेवायला धजणार नाही, पण घरात तिच्यावरून भांडणं व्हायची. वरणबट्टीतल्या उरलेल्या बट्ट्या तेलावर लालसर परतून वर तिखटमीठ. आणि थंडीत भरीत. खान्देशी माणसाला सांगायला नको, तुराट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेलं भरीत दुसऱ्या दिवशी गारच खावं. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटणारे लोक आपण. तेच वांगं रात्रभर मुरलं की लगेच कामवालीच्या पोरांच्या लायकीचं होतं का?

एकदा अशीच झाकणं मांडलेली असताना काका-काकू आले. काका सुरतला मिलमध्ये होते, लग्न नुकतंच झालेलं. आपल्याकडची निम्मी माणसं सुरतेत आणि ती भुसावळच्या गाडीनं कधी उगवतील त्याचा नेम नसतो. पत्र नाही, निरोप नाही, दारात नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि आत जमिनीवर उरल्यासुरल्याची पंगत. आजी ताडकन उठली. "नवी नवरी उनी नि तिले शियं खावाले देशी का?" आईला म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारायला बसली. खरं तर आजीचा काय दोष? पाहुणी म्हणजे अब्रूचा प्रश्न. आईसुद्धा उठायला लागली होती.

अण्णांनी तिला खाली बसवलं. काकूच्या हातात ताट दिलं आणि म्हणाले, "तिले पन झाकनं उघडू दे."

आता मला सांगा, त्या घरात अन्नाचा अपमान झाला की मान?

उरलेलं अन्न हवेत विरून जात नाही. कुणीतरी ते खातंच. ज्या घरात "आमच्याकडे शिळं चालत नाही" म्हणतात तिथंही खातात, फक्त दिसत नाही. एक खाते ती भांडीवाली ताई. दुसरी खाते ती घरातलीच बाई, दुपारी सगळे पांगल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच, कडेची वाळकी भाजी पोळीच्या तुकड्यानं खरवडून. ताट घेत नाही, कारण ताट घेतलं तर ते जेवण होतं. आणि तीच बाई हळदीकुंकवाला येऊन सांगते, आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही! कुणी म्हणजे कोण गं बाई? तू त्या "कुणी"त धरलेली नाहीस का?

हे लिहिताना राग जरा तिच्यावरून सरकला. तिनं हे ठरवलेलं नसणार. तव्यावरून ताटात फुलका हवा असणाऱ्यानं ठरवलं असेल, किंवा त्याच्या आईनं, किंवा तिच्याही आधी कुणी. पण "तिच्या पोरांना चालतं" हे मात्र तिचं स्वतःचं, ते मी माफ करणार नाही. द्यायचं तर आपण जेवतो त्यातलं द्या, जेवणाच्या वेळी द्या, ताटात द्या.

बरं, आता आरोग्यवाले येतील. या, आधीच या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा सकाळचा भात उघडा ठेवून रात्री खाऊ नये, त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष नुसतं गरम करून जात नाही. मान्य. आजारी माणसाला ताजं द्यावं, तेही मान्य. पण फ्रीजमधल्या कणकेत पितर येऊन बसतात हा फॉरवर्ड मला पुन्हा पाठवलात तर ब्लॉक करेन.

आणि धर्माचं म्हणाल तर आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचे प्रसादाचे रोट आठवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरातल्या पुरुषांच्या हिशोबानं गहू मोजून घेतात, पीठ चाळायचंसुद्धा नाही. ते रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. तेव्हा पुरवून पुरवून खाता ना? शीतला सप्तमीला तर चूलच पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात. देवीला चालतं, घरधन्याला नाही!

काकूचं अर्धवट राहिलं. ताट घेऊन ती रांगेपुढं नुसती उभी. मग हळूच आईला विचारलं, "ताई, मी आधी घेऊ?" तिच्या माहेरी बायका शेवटी बसायच्या आणि जे राहिलं असेल ते घ्यायच्या. निवड करायची सवयच नव्हती. आई म्हणाली, घे की. तिनं एकेक झाकण उचललं, वास घेतला, परत ठेवलं. सगळी बघून झाल्यावर भरीत घेतलं, भाकरीचा मधला मऊ भाग सोडून कडेचा कुरकुरीत तुकडा घेतला, आणि कांदा अण्णांसमोर बुक्कीनं फोडला. नव्या नवरीनं, जेठासमोर, थोरल्या दिरासमोर! आजीनं स्टोव्ह बंद केला तो तेव्हा. अण्णांशी मात्र आजी पुढं बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती.

काकूपेक्षाही मला त्या रात्रींतली आई आठवते. एरवी ती शेवटी जेवायची, एक कान दुधावर, एक डोळा आमच्या ताटांवर. झाकणं उघडाच्या रात्री भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब करून, सगळ्यांबरोबर बसायची. हातात तवा नाही, पोळपाट नाही. अण्णांना सकाळचा शिळा पेपर वाचून दाखवायला लावायची आणि मध्येच "हळू वाचा" म्हणून दटावायची. ती चैन कधी होईल हे तीच ठरवायची, म्हणून आम्ही सगळे तिच्याच तोंडाकडे बघायचो.

माझ्या बँकेतल्या मैत्रिणीकडे याला "ताळेबंद" म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात "बाजार उठला". पुण्यातली लेक म्हणते, आई, 2023 मध्ये टिकटॉकवर "गर्ल डिनर" म्हणून हेच गाजलं होतं, ब्रेडचा तुकडा, चीज, द्राक्षं, जे हाताला लागेल ते. गाजू दे. पण त्या ताटात मिरचीचा ठेचा नाही, आणि खाणारी एकटी आहे. आमच्याकडं अख्खं घर त्याच रांगेत बसायचं, अण्णांसकट. सगळा फरक तिथं आहे.

आमच्या ह्यांना हे पचायला वेळ लागला. सुरुवातीला झाकण उघडून "यात काय आहे?" असं मलाच विचारायचे. डोळे आहेत की. आता स्वतः वाढून घेतात, वर ताट विसळूनही ठेवतात. कौतुक करणार नाही, तेवढं करायलाच हवं.

काकू सुरतेला रविवारी रात्री झाकणं मांडते, अजूनही. तिच्या सुनेनं मागच्या आठवड्यात फोटो पाठवला होता, रांगेत ढोकळाही होता. चालतंय.

तुमच्याकडे या जेवणाला काय म्हणतात ते खाली लिहा. "आमच्याकडे उरतच नाही" असं लिहिणाऱ्यांनी आधी घरातल्या बाईला विचारून यावं. मी उठते, आमच्याकडं आज झाकणं उघडा आहे आणि बट्ट्या मोजून ठेवलेल्या नाहीत.