"बाकी जंक आहे ताई, उडवून देऊ का?"

आज नागपुरात बर्डीवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात हे वाक्य ऐकलं आणि अजून डोकं शांत झालेलं नाही. दुकानाचं नाव घेत नाही. आईचा जुना कॉम्प्युटर घरघर करायला लागला म्हणून नवा घेतला, जुन्यातलं सगळं नव्यात टाकून द्या म्हटलं. पोरगा म्हणे, "फोटो घेतले, गाणे घेतले, वर्डच्या फाइली घेतल्या. बाकी जंक आहे ताई, उडवून देऊ का?"

आई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेली. कॉम्प्युटर तिचा, पैसे तिच्या पेन्शनचे, आणि हा विचारून राहिला मला! आई म्हणाली, "अरे, त्यात माझा हिशेब आहे." तर तिच्याकडे न बघता मलाच म्हणतो, "आजीला कायले पाहिजे आता हिशेब?"

कायले पाहिजे म्हणजे? तुझ्या दुकानाचा हिशेब कायले पाहिजे तुला?

ज्याला तो जंक म्हणत होता ती आईच्या हिशेबाची फाइल, नावाच्या शेवटी एमएनवाय (.mny) ही शेपटी असलेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर, २००६ पासून, आई घरचा हिशेब मायक्रोसॉफ्ट मनी नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते आहे. मामेभावाने अमेरिकेहून येताना सीडी आणली होती, बाबांसाठी. बाबांनी हात लावला नाही. आई मात्र रात्री जेवणं आटोपली की बसायची. दूध, पेपर, सिलिंडर, एलआयसीचा हप्ता, सगळं. शेरा लिहायच्या जागेत तिचं स्वतंत्रच लेखन चालतं. "पाव्हणे आले म्हणून जास्त." "महाग पडलं, पुन्हा घेऊ नये." ३० जून २००९ नंतर मायक्रोसॉफ्टने ते विकणं थांबवलं. आईच्या बेरजा थांबल्या नाहीत. वहीतला हिशेब दुकानात वही मिळेनाशी झाली म्हणून कोणी फाडून फेकतं का?

आणि उपयोग विचारता? महाल भागातलं आमचं घर विकलं तेव्हा सीएने विचारलं, वरच्या खोल्या कधी बांधल्या, किती खर्च आला? भांडवली नफा काढताना घराच्या सुधारणेचा खर्च वजा होतो, फक्त तो दाखवता आला पाहिजे. आम्ही भावंडं एकमेकांची तोंडं बघत होतो. आई उठली, कॉम्प्युटर लावला आणि २००८ सालची यादीच काढली. कन्हानची रेती, सिमेंट, सळई, सेंट्रिंगवाला, मिस्त्रीचा आठवड्याचा पगार. तारखा सापडल्यावर फायलीतल्या पावत्या शोधायला कितीसा वेळ लागतो? सीएने मान डोलावली आणि आईला म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे कामाला येता का?" हिला आज तो पोरगा सांगतो, हिशेब कायले पाहिजे.

बरं, मान्य. दुकानात गर्दी होती, पोरगं विशी-बाविशीचं, त्याने हे नाव आयुष्यात ऐकलं नसेल. पण ओळखत नाही म्हणून जंक? डेस्कटॉपवरचा मनीचा आयकॉन मात्र त्याने इमानदारीने नव्या मशीनवर आणून ठेवला होता. आयकॉन! त्यावर क्लिक करून काय उघडणार, कप्पाळ? प्रोग्राम असा उचलून नेता येत नाही, तो नव्यावर पुन्हा बसवावा लागतो. उचलून न्यायची असते ती फाइल, आणि नेमकी तीच राहिली होती. हार्ड डिस्क काढून द्यायला सांगितली आणि सरळ घरी आलो.

इथपर्यंत लिहून चहा घेतला. आता जरा थंड डोक्याने सांगते, कोणाच्या कामी येईल.

मनी बंद करताना दर वेळी विचारतं, बॅकअप घ्यायचा का. आपण सगळे अशा खिडक्या न वाचता बंद करतो. आई शिक्षिका, विचारलं की उत्तर द्यायचं हा तिचा स्वभाव, ती दर वेळी हो म्हणत आली. पासबुकांच्या पिशवीत पेन ड्राइव्ह, त्यात एमबीएफ शेपटीची ताजी बॅकअप फाइल. तिची एक प्रत आधी वेगळी ठेवली, कारण मनीची नवी आवृत्ती जुनी फाइल बदलून घेते आणि मग ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये सनसेट नावाची शेवटची आवृत्ती फुकट दिली होती, तिला अ‍ॅक्टिव्हेशनची, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीची मंजुरी घेण्याची, कटकट नाही. तीच नव्या मशीनवर बसवली. सीडी अमेरिकन होती हे नशीब. ही सनसेट आवृत्ती अमेरिकेची आहे आणि ब्रिटनमधल्या मनीची फाइल तिच्यात उघडत नाही. फाइल मेनूतून रिस्टोअर केलं, म्हणजे बॅकअपमधला हिशेब परत आणला. पासवर्ड मागितला. आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होती, मी म्हटलं, अगं शेजाऱ्यांना ऐकू जाईल.

सगळी खाती आली. आईने पासबुकं मांडीवर घेऊन एकेक शिल्लक ताडून पाहिली, मला हात लावू दिला नाही. मी बापडी बाजूला बसून जुने शेरे वाचत होते. माझ्या लग्नाच्या खर्चातही एके ठिकाणी "उगाच" लिहिलं आहे. कशापुढे, ते सांगणार नाही.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, एवढी झंझट काहून? अ‍ॅप घे नं, एसएमएस वाचून आपोआप हिशेब होते." झालं, पुन्हा डोकं फिरलं. म्हणजे आजीचे बँकेचे मेसेज कोण्या अनोळखी कंपनीच्या सर्व्हरने वाचायचे, आणि उद्या त्या कंपनीने गाशा गुंडाळला की आम्ही कोणाच्या दारात जायचं? कॉटन मार्केटमध्ये रोख पैसे देऊन भाजी घेतली, त्याचा कोणता एसएमएस येतो? मनी बंद पडूनही आईची फाइल आईच्या पेन ड्राइव्हवर आहे. मला एवढंच पाहिजे. फाइल माझ्या घरात, माझ्या हातात, आणि माझ्या परवानगीशिवाय तिला कोणी जंक म्हणायचं नाही.

पोराचं एक खरं आहे, हे सॉफ्टवेअर जन्मभर चालणार नाही. एखाद्या नव्या विंडोजवर ते उघडणारच नाही असा दिवस येईल. म्हणून क्यूआयएफमध्ये, म्हणजे हिशेबाची दुसरी सॉफ्टवेअरही वाचू शकतात अशा फाइलप्रकारातही, प्रती काढून ठेवते आहे. ती साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येते. डी पुढे तारीख, टी पुढे रक्कम, पी पुढे कोणाला दिले, एम पुढे शेरा. ग्नूकॅश नावाचं हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर ती घेतं. खाती मात्र एकेक करून काढावी लागतात, आणि एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेली रक्कम दोनदा येते आहे का ते बघावं लागतं. तारखांवरही लक्ष ठेवा. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, ४ मार्चचं बिल ३ एप्रिलला जाऊन बसतं आणि आर्थिक वर्षच बदलतं. आईने ते माझ्याआधी पकडलं.

आता तिला २००८ चं सगळं वर्ष कागदावर छापून पाहिजे आणि आमचा प्रिंटर नव्या मशीनला ओळख देत नाही आहे. त्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरकडे कोणी घरी येऊन धीराने काम करणारा असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. पैसे आई देणार आहे, तेव्हा बोलायचं तिच्याशीच.