निकालापलीकडचे काम

निकाल लागला की वकिलाचे काम संपते, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातून नोंदवलेला गुन्हा पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अनेक वर्षांनीही पोरांना आडवा येतो. दोन्ही पक्षांत समेट झाला असल्यास तो गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अर्ज करता येतो; पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ होते, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ आहे. दोष सिद्ध झाला, तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली (शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर) सोडलेल्या व्यक्तीला त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागत नाही, आणि ही गोष्ट वकिलाने पक्षकाराला निकालाआधीच समजावून सांगितली पाहिजे. भरतीच्या अर्जात मात्र प्रकरण कधीही लपवू नये.