चहा-बिस्किट, पाठीतली सुई आणि 'भूलवाले डॉक्टर'

मावशीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन सोमवारी ९ वाजता, पहिल्या नंबरला होतं. झालं नाही. सकाळी ७ वाजता वॉर्डात तिने थर्मासमधला दुधाचा चहा घेतला, सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. "अगं, ग्रुपवर आलं होतं ना तसं," म्हणाली. मी तिची सख्खी भाची, त्याच सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ, आणि आदल्या रात्री तिला स्वतः सांगून आलेली. पण ग्रुपपुढे भाचीचं काय चालतंय!

मग तो मेसेज मीही वाचला. 'ऑपरेशनआधी वाचा, डॉक्टर हे सांगणार नाहीत.' दावे चार: उपाशी ठेवतात ते डॉक्टरांच्या सोयीसाठी, तेव्हा चहा-बिस्किट खाऊनच जा; पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर गेली; भूलवाला एक इंजेक्शन देऊन मोकळा होतो; आणि सरकारी दवाखान्यात 'भूलतज्ज्ञ नाही' म्हणतात ते खासगीत पाठवण्याचं नाटक.

पहिला दावा लिहिणाऱ्याला मी एकदा ऑपरेशन थिएटरात उभं करीन म्हणते. जागेपणी घोट भलत्या नळीत गेला तर ठसका लागतो. पूर्ण भूल दिली की ठसकाच लागत नाही, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, आणि पोटातलं वर येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं. कर्टिस मेंडेलसन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली भूल दिलेल्या बाळंतिणींमधल्या अशा ६६ घटना छापल्या. दोघी दगावल्या, दोघीही घट्ट अन्न श्वासमार्गात अडकून. बिस्किट म्हणजे घट्ट अन्नच. आणि दूध पोटात गेलं की त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून दुधाचा चहा आम्ही पाण्यात नाही, खाण्यात धरतो. हलकं खाणं ६ तास आधी बंद, तेलकट किंवा मटण ८ तास.

"पण तू तर पाठीत सुई देणार होतीस, मग पोटाचा काय संबंध?" इति मावशी. संबंध असा की पाठीतली भूल कधी अपुरी पडते, कधी रक्तस्राव आवरत नाही, आणि तिथल्या तिथे पूर्ण भूल द्यावी लागते. पोट रिकामं व्हायची वाट तेव्हा कोण बघणार?

एक मात्र नाइलाजाने कबूल करते. रुग्ण गरजेपेक्षा जास्त उपाशी राहतात. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तरी वॉर्डात सरसकट 'रात्री १० नंतर काही नाही' सांगितलं जातं. कारण कोण कधी आत जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. सहा जणींची यादी लागते. दुसरीचं चालू असताना लेबर रूममधून फोन येतो, बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर लागेल. आम्ही हजर दोघंच, त्यातला एक आयसीयूत कुणाला तरी श्वासनलिकेत नळी टाकायला गेलेला. यादी थांबते. पाचवी बाई दुपारी ३ पर्यंत कोरड्या घशाने बसून राहते, सहावीला पुढची तारीख. तिचा संताप रास्त आहे. पण त्यावर थर्मास हा उपाय नव्हे. तिसरा भूलतज्ज्ञ हवा.

पाठीतली सुई. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आम्ही टोचतो त्याच्या खाली, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या सुईने. प्रसूतिकळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीतूनच एपिड्युरल नावाची भूल घेतात, त्याची सुई याहून जाड. तरी कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात त्या बायकांच्या दीर्घकालीन कंबरदुखीत फरक दिसला नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते, काहींचं उठून बसलं की डोकं ठणकतं, हे खरं. सही घेताना सांगतो आम्ही. घाईघाईत, तेही खरं.

एक इंजेक्शन देऊन मोकळा? जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे २०१८ चे निकष सांगतात, प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ रुग्णापाशीच हवा. आमच्यावर दबाव येतो तो उलटा: दोन टेबलं एकदम सांभाळा. नाही म्हटलं की आम्ही आडमुठे.

चौथा दावा. साटंलोटं कुठेच नसेल अशी हमी मी देत नाही. पण तुटवडा नाटक असता तर तातडीच्या प्रसूतीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल द्यायला शिकवायची योजना केंद्र सरकारने कशाला काढली असती? आम्ही त्यासाठी एमडीची ३ वर्षं घालवतो.

मावशीला गुरुवार मिळालाय, पुन्हा पहिलाच नंबर. साधं पाणी सकाळी ७ पर्यंत. थर्मास मी आणून माझ्या लॉकरमध्ये ठेवलाय.